धुराचा हिशेब

दुकाने बंद होण्याच्या वेळी बाजारपेठेच्या मागील गल्लीत धूर दिसला, तर कोणास नवल वाटत नाही. दिवसभराची प्लास्टिकची वेष्टने, फाटक्या पिशव्या, वायरींचे तुकडे पेटवले की जागा मोकळी होते. मात्र पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असे जळताना डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. स्त्रियांच्या एका चिवट दुखण्याशी त्यांचा संबंध संशोधक तीन दशकांहून अधिक काळ तपासत आहेत.

ते दुखणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात; पाळीत तीव्र वेदना होतात, कधी अपत्यप्राप्तीतही अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. तरीही ‘पाळीत दुखायचेच’ असे सांगून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियाच मुलीला गप्प करतात आणि निदानास वर्षानुवर्षे लागतात.

१९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहारातून डायॉक्सिन दिलेल्या माकडिणींमध्ये मात्रेनुसार हा विकार वाढलेला आढळला. मुक्या जिवांवरील असे प्रयोग अहिंसेच्या उपासकाला क्लेशच देतात. परंतु शंकेची सुरुवात तेथून झाली. माणसांत ती पडताळता आली ती इटलीतील सेवेसो येथे. १० जुलै १९७६ रोजी तेथील रसायन कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग वस्तीवर पसरला होता. त्या वेळी जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे पुढे ६०१ स्त्रियांचा अभ्यास झाला. अधिक डायॉक्सिन असलेल्यांत धोका दुपटीच्या आसपास दिसला. पण रुग्ण अवघ्या १९ होत्या, त्यामुळे आकडा निर्णायक ठरला नाही. संशय आहे, सिद्धता नाही, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

डायॉक्सिन गवतावर बसते, गुरांच्या चरबीत साठते आणि दुधातुपात उतरते. माणसाच्या शरीरात जाणारे नव्वद टक्क्यांहून अधिक डायॉक्सिन अन्नातून, मुख्यतः मांस, मासे व दुग्धजन्य पदार्थांतून येते. मांस-मासे वर्ज्य असलेल्या घरातही दूध-तूप असतेच. शरीरात शिरलेल्या डायॉक्सिनचा निम्मा साठा घटण्यास सात ते अकरा वर्षे लागतात.

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये बंदी घालून ५००० रुपये दंड ठरवला. सुका कचरा वेगळा ठेवून घंटागाडीत वा भंगारवाल्याकडे देण्यास मात्र काहीच खर्च येत नाही. आणि गोळी घेऊनही दर महिन्यास मुलीची शाळा बुडत असेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेण्यास लग्न ठरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.