दलाल कोणाचा?

२०१९ मध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले होते. पुण्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात त्यांना फ्लॅट पसंत पडला होता. चार मजल्यांची नवी इमारत, लिफ्ट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भाव शेजारच्या मंजूर इमारतींपेक्षा पुष्कळ कमी. कागद मागवले, तर बांधकाम परवानगी म्हणून ग्रामपंचायतीचे एक पत्र हातात आले. त्या भागात बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) होता. मी त्यांना सांगितले, हा फ्लॅट घेऊ नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळणार नाही, राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देणार नाही आणि उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळताना नाकी नऊ येतील. दोघांनी ऐकून घेतले, चहा घेतला आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या एजंटामार्फत तोच फ्लॅट घेतला. “सगळ्यांचे असेच असते, काही होत नाही,” असे त्याने त्यांना सांगितले होते.

मी एकोणीस वर्षे पुण्यात घरांची दलाली करते. ‘दलाल’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. मूळ अरबी शब्दाच्या धातूचा अर्थ वाट दाखवणे असा आहे. मुंबईत एका रस्त्यालाच दलाल स्ट्रीट म्हणतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. घरांच्या बाबतीत मात्र हा शब्द शिवीसारखा झाला. म्हणून आमच्यातल्या अनेकांनी व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’, ‘चॅनल पार्टनर’ असे लिहायला सुरुवात केली. २०१६ च्या रेरा कायद्याने याची आधीच दखल घेतली आहे. त्यातल्या एजंटाच्या व्याख्येत दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर असे सगळे येतात, मग त्यांना कोणत्याही नावाने ओळखले जावो. म्हणजे नाव बदलून जबाबदारी चुकत नाही.

आमच्यावरचा सगळ्यात जुना आक्षेप असा, की दलालांमुळे घरांचे भाव वाढतात. टक्केवारीवर कमाई असल्याने भाव चढवण्यात त्यांचा फायदा, असे लोक धरून चालतात. हा हिशोब कागदावर मांडून पाहावा. ८० लाखांचा फ्लॅट आणि एक टक्का दलाली धरली तर ८० हजार रुपये होतात. भाव पाच लाखांनी चढला तर दलालाला फक्त पाच हजार जास्त मिळतात. पण सौदा फिसकटला तर पूर्ण ८० हजार जातात. त्यामुळे दलालाचा जीव भावापेक्षा सौदा पार पडण्यात अडकलेला असतो. पाच हजारांसाठी कोणी सौदा धोक्यात घालत नाही, उलट तो सही लवकर व्हावी म्हणून दोन्हीकडे समजूत घालतो. आमच्या धंद्यातली खरी व्याधी इथे आहे, आणि ती भाववाढीपेक्षा कितीतरी घातक आहे. सही होईपर्यंत दलालाला दिसलेली प्रत्येक त्रुटी न दिसल्यासारखी करण्याचा मोह होतो. भोगवटा प्रमाणपत्र नाही, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या वडिलांचेच नाव आहे, विकणारा परदेशात राहतो आणि त्यामुळे कर कापण्याचा नियम वेगळा आहे, हे सगळे त्याला माहीत असते. बोलला तर सौदा लांबतो किंवा मोडतो. म्हणून तो गप्प बसतो. लोक ज्याला दलालाची लबाडी म्हणतात तिच्यात खोटे बोलण्यापेक्षा हे गप्प बसणेच जास्त असते.

दुसरा आक्षेप नवा आहे आणि तरुणांना तो फार पटतो. आता सगळे मोबाइलवर आहे, दलाल हवाच कशाला? याला मी जुन्या लोकांसारखे हसून उडवून लावणार नाही, कारण त्यातला मोठा भाग खरा आहे. घर शोधून देण्याचे आमचे काम पोर्टलांनी जवळजवळ संपवले. कुठे, किती चौरस फूट, किती भाडे, हे सांगण्यासाठी एक महिन्याचे भाडे घेणाऱ्या माणसाची आता गरज उरलेली नाही, आणि तो गेला याचे मला दुःख नाही. दस्ताचा गोषवारा म्हणजे इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतो, सातबारा घरबसल्या निघतो, प्रकल्पाची माहिती रेरा कायद्याचे राज्यातले प्राधिकरण असलेल्या महारेराच्या संकेतस्थळावर मिळते. हे फार चांगले झाले.

पण सातबारा काढता येणे आणि तो वाचता येणे यात अंतर आहे. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव असते, बँकेचा बोजा असतो, कधी बहिणींचा हक्क असतो. ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असले तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. कर्ज काढून आयुष्यातले पहिले घर घेणाऱ्याला या शब्दांचा अर्थ लागत नाही, आणि लागला तरी त्याचे आपल्या व्यवहारात काय होणार हे कळत नाही.

भाड्याच्या घराचे उदाहरण त्याहून बोलके आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असे आजही असंख्य एजंट सांगतात आणि लोकही मानतात. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सगळे एका शोधात सापडते. तरी ज्यांनी जन्मभर घरे भाड्याने दिली, त्यांनाही मी हे पहिल्यांदा सांगितलेले आहे. माहिती उघड्यावर पडलेली असते, पण ती योग्य वेळी योग्य माणसाच्या कानावर घालायला कोणीतरी लागते. सल्ला म्हणतात तो हाच. ॲप तो देत नाही, कारण ॲपची जबाबदारी यादी दाखवून संपते.

आता आमच्याच लोकांशी बोलायचे आहे, आणि हे जास्त अवघड आहे.

महारेराने जानेवारी २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा आमच्यात मोठी नाराजी उसळली. वीस तासांच्या प्रशिक्षणाने काय होणार, तीस वर्षे धंदा केलेल्या माणसाने परीक्षेला का बसायचे, असे ज्येष्ठ मंडळी म्हणत होती. मुदतीत प्रमाणपत्र न घेतल्याने २०२४ मध्ये सुमारे २० हजार एजंटांच्या नोंदणीला स्थगिती मिळाली. ज्येष्ठांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. वीस तासांत दलाल तयार होत नाही, त्याला निदान दोन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली कागद वाचायला बसावे लागते. पण यावरून परीक्षाच नको हा निष्कर्ष निघत नाही, अभ्यास वाढवा हा निघतो. रिक्षा चालवायला परवाना लागतो आणि माणसाची तीस वर्षांची बचत एका सहीत गुंतवायला लावणाऱ्याला काहीच नको, हे कोणत्या न्यायात बसते?

दुसरीकडे प्रमाणपत्र भिंतीवर लावून ‘आम्ही आता व्यावसायिक’ म्हणणारेही आहेत. त्यांना माझे सांगणे असे, की रेराचे कलम १० पुन्हा वाचा. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर विकायचे नाही, खोटी विधाने करायची नाहीत, हिशोब ठेवायचा आणि ग्राहकाला हक्काची कागदपत्रे बुकिंगच्या वेळीच मिळतील असे पाहायचे, ही कर्तव्ये तिथे लिहिलेली आहेत. चुकल्यास दररोज दहा हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. ही कर्तव्ये करणे म्हणजे कायदा पाळणे. व्यावसायिकता त्याच्या पुढे सुरू होते, कारण रेराचा हात नोंदणीकृत प्रकल्पांपर्यंतच पोचतो. कोथरूडच्या जुन्या सोसायटीतला तिसऱ्या हाती जाणारा फ्लॅट, डोंबिवलीतले भाड्याचे घर, पागडीची खोली, यांत तो कायदा एजंटाला काही विचारत नाही. तिथे कोण कसे वागतो यावरून दलाल ओळखावा.

भाड्याच्या घरांत तर आम्ही रखवालदार होऊन बसलो आहोत. मालक फोनवर सांगतो, अमुक धर्माचे नकोत, मांसाहारी नकोत, एकटी मुलगी नको. खासगी मालकाने कोणाला घर द्यावे यावर कायद्याचा हात फारसा चालत नाही. मग हे नकार भाडेकरूच्या तोंडावर कोण टाकतो? आम्ही. नाव ऐकले की ‘फ्लॅट गेला’ म्हणतो. पहिली काही वर्षे मीही असे फोन केले आहेत. समोरची मुलगी नोकरीचे पत्र आणि आधार कार्ड घेऊन बसस्टॉपवर उभी असते आणि ‘सकाळी तर होता ना’ असे विचारते. मला तो आवाज अजून आठवतो. आज मी अशा अटीचे घर यादीत घेत नाही. त्यामुळे काही मालक गेले. गेले तर गेले.

धंद्यातले सहकारी यावर एक खरी तक्रार करतात, आणि ती ऐकली पाहिजे. गिऱ्हाईकही सरळ नसते. चार रविवार घरे दाखवायची, पेट्रोल जाळायचे, आणि शेवटी ते मालकाला परस्पर गाठून दलाली वाचवते. अशा बाजारात प्रामाणिक राहून पोट कसे भरायचे? हा रोग मी जवळून पाहिला आहे. पण औषध त्यांनी चुकीचे निवडले. दोन्ही बाजूंकडून दलाली घ्यायची, कोणाला काही लेखी द्यायचे नाही, आणि बोलणी दोन वेगवेगळ्या खोल्यांत करायची, हा त्यांचा उपाय. त्याने संशय वाढतो, संशय वाढला की गिऱ्हाईक परस्पर व्यवहार करते, आणि चक्र फिरत राहते.

शेअर बाजारात दलालाला प्रत्येक व्यवहाराची कॉन्ट्रॅक्ट नोट द्यावी लागते आणि तीत दलाली वेगळी दाखवावी लागते. दहा हजारांचे शेअर घेणाऱ्याला जो कागद मिळतो तो ८० लाखांचे घर घेणाऱ्याला मिळत नाही. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायलाही नको. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही सांगतो, की एजंटाने कौशल्याने काम करावे, हिशोब द्यावा, आणि ज्याच्यासाठी तो काम करतो त्याच्या नकळत स्वतःसाठी काही मिळवले तर त्यावर त्या माणसाचा हक्क राहतो. दीडशे वर्षे हे पुस्तकात आहे. आम्ही ते कागदावर उतरवले नाही इतकेच.

गेली काही वर्षे मी पहिल्या भेटीतच एक पानाचा करार करते. मी विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, दलाली किती आणि कोणाकडून, बिल्डरकडून काही मिळणार असेल तर ते किती, कोणते कागद मी तपासले आणि कोणते तपासले नाहीत. कागद तपासण्याचे एक ठरावीक शुल्क मी आधीच घेते, सौदा होवो न होवो. या शेवटच्या अटीवर लोक अडतात. पण माझ्या धंद्यात सगळ्यात मोलाची सुधारणा तीच ठरली. ‘हे घर घेऊ नका’ असे सांगितले तरी माझ्या चुलीला धक्का लागत नाही, म्हणून ते मी मोकळेपणाने सांगू शकते. डॉक्टर शस्त्रक्रिया झाली तरच पैसे घेणार असला, तर शस्त्रक्रियेची गरज नाही असे त्याच्या तोंडून कधी निघेल?

सरकारकडे माझे एकच मागणे आहे. जुन्या फ्लॅटच्या दस्तात साक्षीदारांची नावे असतात, ओळख पटवणाऱ्यांची असतात. ज्याने सौदा जुळवला त्याचे नाव देण्याची मात्र सक्ती नाही. एजंटाचे नाव, त्याची नोंदणी आणि दोन्ही बाजूंकडून घेतलेली दलाली दस्तात लिहिणे पुनर्विक्रीतही सक्तीचे करावे. आपले नाव कायमचे नोंदले जाणार आहे हे कळले, की ‘काही होत नाही’ म्हणताना माणूस थोडा थांबतो.

ते एसटीतले गृहस्थ मागच्या वर्षी पुन्हा आले, या वेळी एकटेच. २०२१ मध्ये ते गाव महापालिकेत आले होते, पण इमारतीचे कागद होते तिथेच राहिले. मुलाकडे राहायला जायचे म्हणून फ्लॅट विकायचा होता. ठरत आलेली दोन गिऱ्हाइके बँकेने कर्ज नाकारल्यामुळे परतली होती. पूर्वीच्या एजंटाने सुचवले होते, की जाहिरातीत त्या विषयाचा उल्लेखच करू नये.

या वेळी मी विकणाऱ्याची दलाल होते. त्यांच्या बाजूने लढणे माझे काम होते, आणि घेणाऱ्याला अंधारात न ठेवणे हेही माझेच काम होते. त्यांना मी तसे सांगितले आणि मगच पानावर सही घेतली. जाहिरातीची पहिली ओळ मी लिहिली: ‘भोगवटा प्रमाणपत्र नाही, बँक कर्ज मिळणार नाही.’ त्याखाली बाकीचे, म्हणजे पाणी चोवीस तास, पूर्वेची बाल्कनी, मेंटेनन्स किती. पहिला महिना एकही फोन आला नाही. ते रोज विचारत, ती ओळ खाली घेता येईल का. मी नाही म्हणत होते. चौथ्या महिन्यात शेजारच्याच इमारतीत दुकान असलेल्या एका कुटुंबाने तो घेतला. ते त्या गल्लीत बारा वर्षे राहत होते, कागदांची स्थिती त्यांना आधीच माहीत होती आणि रक्कम हाताशी होती. मागितलेल्या भावापेक्षा चार लाख कमी आले. दस्ताच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून एसटीतल्या गृहस्थांनी माझे दलालीचे पाकीट दिले आणि आपल्या मुलाला फोन लावून म्हणाले, “या बाईंचा नंबर लिहून घे.”