‘हेतू वाईट नव्हता’ एवढं पुरेसं आहे का?

‘अरे, मस्करीत म्हटलं. एवढं काय मनाला लावून घेतोस?’ हे वाक्य कधीच ऐकलं नाही असा मराठी मुस्लिम तरुण मला अजून भेटायचा आहे. शाळा, कॉलेज, क्रिकेटचं मैदान, ऑफिसचं कँटीन, जागा बदलते. शब्दही बदलतात. कुणी ‘अब्दुल’ म्हणतं, कुणी ‘पंक्चरवाला’. ‘मियाँ’ हा उर्दूतला आदराचा शब्द, तो टोमण्यासारखा फेकला जातो. आपली वस्ती ‘मिनी पाकिस्तान’ होते. आणि सुंतेवरून आलेला ‘लांड्या’ हा मराठीतला जुना शब्द तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आपण हरकत घेतली की उत्तर ठरलेलं असतं : हेतू वाईट नव्हता.

मी सांगवीत राहतो आणि हिंजवडीत काम करतो. मुळा-पवनेच्या काठचं हे जुनं गाव आता सोलापूर, लातूर, बिहार, केरळ, मणिपूर अशा सगळीकडच्या माणसांनी भरलं आहे. इथे प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी एक तयार नाव असतं. उत्तर भारतीय तो ‘भय्या’, दक्षिणेकडचा ‘मद्रासी’, सलूनमध्ये काम करणारी मिझो किंवा नागा मुलगी ‘चिंकी’. यातले बहुतेक लोक दुष्ट नाहीत, हे मी रोज पाहतो. अडीअडचणीला रात्री दोन वाजता गाडी काढून औंधच्या हॉस्पिटलमध्ये नेणारा शेजारीही यातला एखादा शब्द सहज वापरतो. म्हणून ‘हेतू’चा मुद्दा झटकून टाकता येत नाही. तो नीट तपासायला हवा.

आधी असं उदाहरण घेऊ ज्यात हेतू खरोखरच चांगला असतो. ‘तू मुसलमान वाटतच नाहीस!’ किंवा ‘तुझं मराठी किती छान आहे रे!’ बोलणारा मनापासून कौतुक करत असतो. पण त्या कौतुकाच्या पोटात एक गृहीतक आहे : मुसलमान असा नसतो, मराठी त्याची भाषा नसते. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी शतकांपूर्वी मराठीत रचना केल्या. बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव घुमला. तरीही 2020च्या दशकात या मातीतल्या मुलाला स्वतःची मातृभाषा बोलल्याबद्दल शाबासकी मिळते. हेतू शुद्ध, तरीही तो क्षणभर परका झाला. म्हणजे चांगल्या हेतूनेही एखाद्याला बाहेरचा ठरवता येतं.

मग हेतूला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. आपला कायदाही ती देतो. धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं कलम 298, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम 302 आहे, ‘जाणीवपूर्वक हेतू’ असल्याशिवाय लागू होत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे झारखंडमधलं एक प्रकरण आलं. एका सरकारी कार्यालयातल्या उर्दू अनुवादक कर्मचाऱ्याला ‘मियाँ-तियाँ’ आणि ‘पाकिस्तानी’ म्हटल्याचा आरोप होता. न्यायालयाने सांगितलं की हे बोलणं अभिरुचीला सोडून आहे, पण त्यातून धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा होत नाही. आरोपी सुटला.

त्या वेळी आपल्यातले अनेक जण संतापले. मला मात्र वाटतं की प्रत्येक अपमानासाठी तुरुंग मागणं आपल्या हिताचं नाही. उद्या तेच हत्यार कुणावर जास्त चालेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पण या निकालाचा अर्थ ‘न्यायालयाने परवानगी दिली’ असा लावला गेला, तो चुकीचा आहे. गुन्हा नसणं आणि योग्य असणं यांत फार मोठं अंतर आहे. म्हाताऱ्या आईशी उर्मटपणे बोलणंही गुन्हा नाही.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सुनावणीच्या ओघात बेंगळुरूच्या एका मुस्लिमबहुल भागाला ‘पाकिस्तान’ म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला, कुणाला दुखावण्याचा हेतू नव्हता असं सांगितलं. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो खेद स्वीकारला, प्रकरण बंद केलं. पण बंद करताना बजावलं की भारताच्या कुठल्याही भागाला कुणीही पाकिस्तान म्हणू शकत नाही. हेतूचा विचार झाला तो पुढे कारवाई करायची की नाही एवढ्यापुरता. शब्द चुकीचा होता, हे हेतूमुळे बदललं नाही.

शब्दाचा अर्थ कोण ठरवतं, हाही प्रश्न आहे. ‘लांडा म्हणजे नुसतं आखूड, त्यात काय?’ असं शब्दकोश दाखवून सांगणारे भेटतात. 2008 च्या स्वर्ण सिंग खटल्यात अशाच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने भूमिका घेतली. जातीचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं होतं. न्यायालय म्हणालं की शब्दाची व्युत्पत्ती पाहू नका, आज लोक तो कोणत्या अर्थाने वापरतात ते पाहा. अपमानाचा हेतू सिद्ध करावा लागतो, हे खरंच. पण अर्थ ठरवताना बोलणाऱ्याच्या सोयीचा शब्दकोश चालत नाही.

आपल्या महाराष्ट्राने तर याहून पुढचं पाऊल टाकलं आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांना असलेली जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशा नावांच्या जागी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली गेली. गावातला पोस्टमन किंवा तलाठी ‘महारवाडा’ म्हणायचा तेव्हा तो कुणाचा अपमान करायला निघालेला नसायचा. तो पत्ता सांगत होता. तरीही सरकारने ‘पण लोकांचा हेतू वाईट नाही’ असं म्हणून विषय सोडला नाही. पत्ता सांगतानाच जात सांगावी लागणं, हीच इजा आहे, असं मान्य केलं. हाच न्याय ‘मिनी पाकिस्तान’ला लावून पाहा.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये बग सापडला की ‘माझा हेतू सिस्टिम पाडायचा नव्हता’ असं कुणी म्हणत नाही. ते सगळ्यांना माहीतच असतं. आधी विचारतात, ग्राहकाला काय त्रास झाला? मग, दुरुस्त कधी होणार? चांगल्या टीममध्ये दोषी शोधत बसत नाहीत, पण दुरुस्ती टाळतही नाहीत. बगची नोंद झाल्यावरही कुणी तो मुद्दाम तसाच ठेवला, तर मात्र हेतूवर बोलणं सुरू होतं.

याच क्षेत्राने शब्दांच्या बाबतीत किती चपळाई दाखवली ते पाहा. संगणकाच्या परिभाषेत ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’, म्हणजे मालक आणि गुलाम, हे शब्द वर्षानुवर्षं होते. लिहिणाऱ्या इंजिनियरच्या मनात अमेरिकेतली गुलामगिरी नव्हती. तरी 2018 मध्ये पायथॉनने आपल्या कोडमधून ते काढायला सुरुवात केली. 2020 मध्ये लिनक्स कर्नलने नव्या कोडसाठी पर्यायी शब्द सुचवले. 1 ऑक्टोबर 2020 पासून गिटहबवर नव्या प्रकल्पाच्या मूळ शाखेचं नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ झालं. आमच्याकडच्या मुलांनीही काही दिवस कुरकुर केली आणि मग मुकाट्याने स्क्रिप्ट बदलल्या. म्हणजे सात समुद्रापलीकडच्या माणसाला लागणारा शब्द हिंजवडीत बसून बदलता येतो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला लागणारा शब्द बदलायला मात्र हेतूचा पुरावा लागतो!

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथला अनुभव आहे. सर्व्हर पडला की टीममधले दोघे हमखास म्हणायचे, ‘बघा, अब्दुलने उडवला.’ आणि माझ्याकडे बघून हसायचे. एकदा चहाच्या वेळी दोघांनाही वेगवेगळं गाठून शांतपणे सांगितलं की हे मला आवडत नाही, आणि का तेही. एक जण ओशाळला, ‘लक्षातच आलं नाही यार’ म्हणाला आणि त्याने तो शब्द पुन्हा काढला नाही. त्याच्याशी आजही मैत्री आहे. दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आता याच्यासमोर जपून बोलायला हवं, आणि विनोद दुप्पट केले. तोपर्यंत दोघांचे शब्द सारखेच होते. दोघांचा हेतू मला कळला तो सांगितल्यानंतर.

मला हिशेब असा दिसतो. इजा झाली का, या प्रश्नात हेतूला जागा नाही. ते ज्याला लागलं तो सांगेल. बोलणाऱ्याला किती दोष द्यायचा, तिथे हेतू बघायलाच हवा. आणि एकदा सांगून झाल्यावर ‘हेतू नव्हता’ ही सबब संपते, कारण आता त्याला माहीत आहे.

आपल्याला ‘नीयत’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक आहे. कर्मांचं मोल नीयतीवर ठरतं, ही हदीस पाठ असते. पण ती नीयत अल्लाहसमोरच्या जबाबासाठी आहे, माणसासमोर अंग काढून घेण्यासाठी नाही. चुकून हातून कुणाचा जीव गेला तरी कुटुंबाला भरपाई देण्याची जबाबदारी कुरआनने ठेवलेली आहेच. आणि सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्या समूहाची टवाळी करू नका, वाईट नावं ठेवू नका, असं सांगितलं आहे. तिथे ‘मस्करीत चालेल’ अशी सवलत नाही.

एवढ्याशा शब्दांसाठी एवढं का लिहायचं? कारण या शब्दांचं काम एकच असतं : समोरचा माणूस पुसून तिथे एक गठ्ठा उभा करायचा. 2 जून 2014 च्या रात्री हडपसरमध्ये मोहसीन शेख हा सोलापूरचा, आयटीत काम करणारा तरुण नमाजहून परतताना जमावाच्या मारहाणीत गेला. ज्या फेसबुक पोस्टवरून शहर पेटलं होतं तिच्याशी त्याचा संबंध नव्हता. जानेवारी 2017 मध्ये तीन आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने नोंदवलं की आरोपींचं मोहसीनशी वैयक्तिक वैर नव्हतं, तो दुसऱ्या धर्माचा होता एवढाच त्याचा दोष, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अशा टिप्पण्यांबद्दल न्यायालयांना सावध केलं. 2023 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने सगळ्यांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. मस्करी आणि खून एका मापाने मोजू नयेत, मीही मोजत नाही. पण ‘वैयक्तिक वैर नव्हतं’ हे वाक्य त्या जामीन आदेशात काय काम करत होतं, ते आठवून पाहा. वैयक्तिक काहीच नसणं, हीच तर सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

हे सगळं दुसऱ्यांना सांगण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा आपण आपली जीभही तपासू. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत खपणाऱ्या मजुराला ‘भय्या’ म्हणून हिणवणारे आपल्यातही आहेत. सावळ्या मुलीला ‘काली’ आणि धंद्यावरून बिरादरीला नावं ठेवणारे आपल्या लग्नांच्या बैठकीत बसलेले असतात. ‘चिंकी’ तर आपल्यातल्या कॉलेजच्या मुलांच्या तोंडी सर्रास आहे. जानेवारी 2014 मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांची दिल्लीतल्या लाजपतनगरच्या एका दुकानात टिंगल झाली. तिथून भांडण झालं, मारहाण झाली आणि तो मुलगा गेला. त्यानंतर नेमलेल्या बेजबरुआ समितीने वांशिक हिणवणीविरुद्ध स्वतंत्र कलमं सुचवली. 2020च्या टाळेबंदीत ईशान्येकडच्या लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाक मारली गेली, आणि त्याच महिन्यांत तबलिगीच्या नावाने आपल्यालाही तेच ऐकावं लागलं. तेव्हा आपण एकाच रांगेत उभे होतो, हे विसरू नका.

तरुण मित्रमैत्रिणींनो, दोन-तीन साध्या गोष्टी सांगतो. खोटं हसू नका. आपलं हसणं हीच परवानगी समजली जाते. पहिल्यांदा एकट्याला गाठून सांगा, आणि माणसाबद्दल न बोलता शब्दाबद्दल बोला. ‘तू जातीयवादी आहेस’ म्हटलं की समोरचा स्वतःचा बचाव करत बसतो. ‘हा शब्द मला लागतो, वापरू नकोस’ याला फाटे फोडणं अवघड जातं. तरीही चालूच राहिलं, तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि कंपनीत किंवा कॉलेजात लेखी तक्रार द्या. धमकी असेल तर थेट पोलिसांत जा. आणि एखाद्या दिवशी समजावून सांगायचं त्राण नसेल, तर नका सांगू. प्रत्येक वेळी शिकवणी घेण्याची जबाबदारी दुखावलेल्यावरच नसते. तिथे बसलेल्या इतर चौघांनाही तोंड असतं.

म्हणूनच दुसऱ्या कुणाला ‘चिंकी’ किंवा ‘भय्या’ म्हटलं जाईल, तेव्हा त्या चौघांत आपण असू. त्या वेळी आधी आपण बोलायचं.