परवाना चालकाचा, मोकळीक कारखान्याची

दिवाळी सरली की केज तालुक्यातील नांदूरघाट आणि भोवतालच्या गावांतून कोयत्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरे असा उभा संसार. फडावर पोहोचल्यावर त्याच ट्रॉल्यांत ऊस भरला जातो. रात्री-अपरात्री अशी गाडी उलटली, की चौकशीतील पहिला प्रश्न ठरलेला असतो. चालकाजवळ परवाना होता काय?

प्रश्न रास्त आहे. मात्र एवढाच प्रश्न विचारून सरकार मोकळे होते, ही खरी मेख आहे. 1988 चा मोटार वाहन कायदा ट्रॅक्टरची वर्गवारी त्याच्या रिकाम्या वजनावरून करतो. साडेसात हजार किलोंपर्यंतचा ट्रॅक्टर हे हलके वाहन. त्यामागे ओढला जाणारा कित्येक टन ऊस त्या मोजमापात येतच नाही. या फटीचा लाभ विमा कंपनीने घेऊन पाहिला. ट्रॉली जोडताच ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरतो, असा तिचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये तो फेटाळला, हे उचितच झाले. परंतु भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावर कशा आवराव्यात, याचे शिक्षण चालकाला त्या निकालाने मिळालेले नाही. ट्रॉलीवर बसलेल्या मजुराची स्थिती तर याहून वाईट. मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशासाठी विमा कंपनी बांधील नाही, असे त्याच न्यायालयाने 2003 मध्ये ठरविले. ज्याला एस.टी.चे भाडे कोणी देत नाही, त्याला कायदा ‘फुकट प्रवासी’ म्हणतो!

परवान्याचे नियम कडक करा, असे सुचविणारे सज्जन शहरांत पुष्कळ आहेत. नियम जरूर असावेत. पण दंड भरणार कोण? उचलीच्या कर्जात बुडालेला चालक. कारखान्याचे अध्यक्ष हात झटकून सांगतात, वाहन ठेकेदाराचे, मजूर मुकादमाचे. मग उचल कोणाच्या तिजोरीतून जाते? कोणत्या फडात गाडी लावायची, हे कोण ठरवितो? शेतकऱ्याच्या ऊसबिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कोण कापतो? प्रत्येक गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर तोलली जाते आणि त्याची पावती निघते. जादा भाराचा रोजचा लेखी पुरावा कारखान्याच्याच दप्तरात आहे. कायद्याचे 194 वे कलम जादा भाराचे वाहन चालविणाऱ्याला जसा दंड सांगते, तसाच ते चालवावयास लावणाऱ्याला वा चालवू देणाऱ्यालाही सांगते. 2019 च्या दुरुस्तीने हा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला. शब्द कायद्यात आहेत. ते कारखान्याच्या फाटकापर्यंत नेण्याची छाती शासनात नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. चालकांना दोन ट्रॉल्यांचे प्रशिक्षण कारखान्याने स्वखर्चाने द्यावे. ब्रेक, मागचे दिवे व परावर्तक नसलेली ट्रॉली कारखान्याने कामावरच घेऊ नये. टोळ्यांची ने-आण बसने व्हावी आणि प्रत्येक कोयत्याचा विमा कारखान्याने उतरावा. गाळप परवाना देताना साखर आयुक्तांनी याच अटी घालाव्यात. कारखान्यालाही परवाना लागतो, याची आठवण कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावोगाव करून दिली पाहिजे.