दोष घड्याळाचा नाही


‘स्टॉपवॉच आले की पिळवणूक आलीच’ असे मांडणारे वाचकपत्र वाचले. त्यातली भीती खरी आहे, पण निष्कर्ष पटला नाही. दोष मोजण्यात नसून एकतर्फी मोजण्यात आहे.

जर्मनीत १९२४ साली ‘रेफा’ ही संस्था कामाच्या वेळा ठरवण्यासाठीच स्थापन झाली. तिच्या पद्धतीत घड्याळातला आकडा जसाच्या तसा प्रमाण मानत नाहीत. कामगाराची गतीही जोखतात. एखाद्याने ११० टक्के गतीने ६० सेकंदांत केलेले काम सर्वसाधारण गतीला ६६ सेकंदांचे धरतात. विश्रांतीचा आणि अधूनमधून येणाऱ्या खोळंब्यांचा वेळ त्यात वेगळा मिळवतात.

शिवाय जर्मनीतील कामगार मंडळांविषयीच्या १९७२ च्या कायद्यातील कलम ८७ नुसार नगावारी मजुरीचे दर मालकाला एकट्याने ठरवता येत नाहीत, त्यासाठी कामगारांच्या निवडून आलेल्या मंडळाची संमती लागते. १९७३ मध्ये स्टुटगार्ट परिसरातील धातुकामगारांनी संप केला आणि नगावारी काम करणाऱ्यांसाठी दर तासाला ५ मिनिटांची विश्रांती करारात लिहून घेतली. त्यांचे नेते फ्रान्झ श्टाइनक्यूलर यांच्या नावानेच ती ओळखली जाते.

या कामगारांनी घड्याळ फोडले नाही, घड्याळाला आपली विश्रांती मोजायला लावली. मोजमाप नसेल, तर मुकादमाची मर्जी हेच प्रमाण ठरते. म्हणून आपल्या कामगार संघटनांनी मोजणीला विरोध करण्याऐवजी ती शिकून घ्यावी आणि मोजणाऱ्याच्या शेजारी हक्काने उभे राहावे.

— एक वाचक, स्टुटगार्ट