तीर्थाचे खरेदीखत

खोपोलीजवळचे इमॅजिका उद्यान २०१३ मध्ये उघडले. पुढल्या वर्षी त्यात जलक्रीडेची भर पडली, आणि कर्जाच्या ओझ्याने वाकून २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. बँकांनी आपल्या येण्याच्या मोठ्या भागावर पाणी सोडले. व्यापारात असे चालायचेच. मुलांनी पाण्यात डुंबावे यास कोण हरकत घेईल?

माझी हरकत एका नावाला आहे. समूहाच्याच एका संस्थेकडे असलेले शिर्डीचे जलोद्यान व ‘साई तीर्थ’ २०२४ मध्ये या कंपनीने विकत घेण्याचे ठरविले. म्हणजे तीर्थाचे खरेदीखत! तिकीट काढून देवळांच्या प्रतिकृती दाखवायच्या, यंत्राच्या साईबाबांकडून बोलवून घ्यायचे, आणि त्यास तीर्थ म्हणायचे. उद्या तिसरा धनी आला तर कायदा त्यास अडविणार नाही.

देवाच्या बाबतीत तोच कायदा अडवितो. मूर्ती ही केवळ जंगम मालमत्ता नव्हे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या दाव्यात दिला. देव स्वतः धनी. विश्वस्त केवळ सांभाळणारा, आणि जीर्णोद्धार करणाराही मालक होत नाही. कंपनीच्या तीर्थात मात्र हक्क सारे कंपनीचे.

हैदराबादेहून शिर्डीस जाणाऱ्या आमच्या कुटुंबांनी हा खेळ खुशाल पाहावा. परंतु आपल्याही देवस्थानात असे काही उभारू म्हणणाऱ्या सभासदांनी आधी सांगावे, त्या वास्तूच्या दस्तावर नाव कोणाचे लागणार?