शुक्रवारची स्वारी
शुक्रवारी दुपारी साडेबाराला ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या मोबाइल गेममध्ये रेड वीकेंड (दुसऱ्या क्लॅनवरच्या स्वारीचे दिवस) सुरू होतो, सोमवारी त्याच वेळेला संपतो. मे २०२२ मध्ये क्लॅन कॅपिटल (क्लॅनची सामायिक राजधानी) आल्यापासूनचा हा रिवाज. क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, माणसं ५० पर्यंत. प्रत्येकाला हल्ले ५, डिस्ट्रिक्ट (राजधानीचा एक भाग) पुरता पाडणाऱ्याला सहावा बक्षीस. मेख अशी, की पाडलेलं पडलेलंच राहतं. पहिल्याने तोफा फोडल्या की त्याच पडझडीतून दुसऱ्याने पुढे जायचं. म्हणून तगड्या गड्याने सुरुवात करावी, नवख्याने उरलंसुरलं आवरावं. पण सहाव्या हल्ल्याच्या लोभाने जो तो शेवटालाच टपून बसतो! त्यात हल्ल्यांची मेडलं वाटली जातात हल्ल्यांच्या संख्येवर. कुणी किती पाडलं, याचा हिशेब नाही. परळीत बसून क्लॅन चालवणाऱ्या लीडरचं काम मग ऊसतोडीच्या मुकादमासारखंच: कोण आलं, कुणी दांडी मारली, कुणाचे हल्ले शिल्लक. एकाची थर्मल वीजकेंद्रात रात्रपाळी, दुसऱ्याचा पेपर, तिसरा श्रावणी सोमवारी वैजनाथाच्या दर्शनाच्या रांगेत. माझ्या मते हल्ले वाया घालवणाऱ्याला एकदा समजवावं, दुसऱ्यांदा सरळ काढावं. अडचण एवढीच, की काढायचा तो बहुतेक वेळा लीडरचा मेव्हणा निघतो.