वाट कोणी शोधली?

'माथेरान कोणी शोधले?' हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हटकून असतो. उत्तरही ठरलेले असते : ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट, सन १८५०. मुकुटबनच्या किंवा पांढरकवड्याच्या शाळेत बसून, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या डोंगराचे हे उत्तर तुम्हीही पाठ केले असेल. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. तरीही हे उत्तर चुकीचे आहे असे माझे मत आहे, आणि ते का चुकीचे आहे याचा तुमच्या गावामागच्या डोंगराशी जवळचा संबंध आहे.

त्या दिवशी काय घडले ते आधी पाहू. १८५० च्या मे महिन्यात मॅलेटसाहेबांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. ज्याला आज आपण 'वन ट्री हिल' म्हणतो त्या सुळक्याशेजारच्या घळीतून ते माथ्यावर गेले, वरचे दाट रान आणि गार हवा पाहून खूश झाले आणि रामबागेच्या बाजूने खाली उतरले. आता विचार करा. ज्या घळीतून साहेब चढले आणि ज्या बाजूने उतरले, तिथे माणूस चढू-उतरू शकतो हे आधी कोणाला तरी ठाऊक असणारच. त्या डोंगरावर धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा वावर होता. गुरे चारायला, लाकूडफाटा आणि मध गोळा करायला ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या चढत होती. शिवाय डोंगराला नाव होते. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी त्या नावाची फोड सांगतात. ती बरोबर असो वा नसो, नाव मराठी आहे एवढे नक्की. ज्या डोंगराला लोकांनी नाव दिलेले आहे तो हरवलेला नव्हता, मग तो सापडायचा कसा?

मॅलेट यांचे श्रेय वेगळे आहे. त्यांनी डोंगर पाहिला आणि त्याविषयी सरकारदरबारी लिहिले. पुढे रस्ते आखले गेले, बंगले उठले, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली चिमुकली आगगाडी नेरळहून वर जाऊ लागली. ती गाडी इतकी वळणे का घेते याचे गणित तुम्ही स्वतः करू शकता. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे, म्हणजे नेरळपासून चढण जवळजवळ साडेसातशे मीटरची. गाडीला जास्तीत जास्त २० मीटरला १ मीटर एवढाच चढ झेपतो. साडेसातशेला विसाने गुणा : निदान १५ किलोमीटरचा रूळ हवा. सगळीकडे चढ तेवढा तीव्र ठेवता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात तो २० किलोमीटरच्या आसपास झाला. पायी चढणाऱ्या कातकऱ्याला हा हिशेब कधी करावा लागला नाही. तो घळीतून सरळ जातो. खासगी मोटारींना आजही दस्तुरी नाक्याच्या पुढे मज्जाव आहे, त्यामुळे तिथल्या पायवाटा टिकल्या. पावसाळा संपला की रामबाग, गार्बेट, वन ट्री या वाटांनी हौशी मंडळी माथेरान चढतात आणि त्या वाटांची माहिती छापील मिळते.

आता तुमच्या डोंगराकडे या. मुकुटबन, झरी, पांढरकवडा या मुलखात आठशे मीटरचे कडे नाहीत. बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत, त्यांवर साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू. पण वाटा इथेही आहेत. एका पोडावरून दुसऱ्या पोडावर जाणारी, आठवडी बाजाराला उतरणारी, मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली नेणारी, मे महिन्यात तेंदूपानांकडे वळणारी, आटत्या उन्हाळ्यात एखाद्या झऱ्यापाशी थांबणारी. या कोलाम आणि गोंड माणसांच्या पावलांनी पडल्या आहेत. कोणी आखल्या नाहीत, तरी त्या कशाही जात नाहीत. टेकडीची सोंड धरून चढतात, कारण तिथे चढ मऊ असतो. खिंडीतून पलीकडे जातात, कारण तिथे चढायचे कमी असते. झऱ्याला भेटणारी वाट तर भूगर्भशास्त्रच सांगते. भेगाळलेल्या खडकातून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडले की बाजूने फुटते, आणि वाट बरोबर त्या जागी पोचते.

खडकांचे म्हणाल तर या बाबतीत माथेरानने तुमचा हेवा करावा. माथेरान सगळे लाव्हाचे, साडेसहा कोटी वर्षांच्या घरातले. तुमच्याकडे तो काळा दगड तर आहेच. रस्त्याच्या कामात शिबला-पार्डीजवळ त्याचे सहा कोनांचे खांब उघडे पडले. तळ्याचा चिखल वाळताना जसा भेगाळतो तसा लाव्हा निवताना आकसून तडकतो आणि असे खांब बनतात. पण त्या लाव्हाच्या खाली वणीपट्ट्यात पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा दगडी कोळसा आहे, आणि मुकुटबनची चुनखडी आहे ती जवळजवळ शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेली. तेव्हा जमिनीवर झाड नव्हते, समुद्रात मासा नव्हता. जिथे काळा कातळ थेट चुनखडीवर टेकलेला असेल, तिथे वाटसरू एका पावलात नव्वद कोटी वर्षे ओलांडतो आणि त्याला चप्पलही सरकल्याचे कळत नाही.

असे असूनही या वाटा कुठे लिहिलेल्या नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर काही पायवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. पण त्या कोणाच्या, कशासाठी, कधीपासून, हे नकाशा सांगत नाही. याउलट एक गोष्ट पाहा. २०१९ च्या जून महिन्यात जवळच्याच टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. आदिलाबादच्या बाजूने फिरत, शेते आणि रस्ते ओलांडत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची वाट उपग्रहाने टिपली, ती वर्तमानपत्रांत छापून आली, आणि ते योग्यच झाले. वाघांना एका जंगलातून दुसऱ्यात जायला वाट लागते, हे त्यामुळे सर्वांना पटले. पण पोडावरची एखादी आजी साठ वर्षे ज्या वाटेने बाजाराला गेली, तिची वाट कोणी टिपली?

यात केवळ भावनेचा प्रश्न नाही. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या गावांना तिथे जाण्याचा, मोह-तेंदू गोळा करण्याचा, गुरे चारण्याचा हक्क मागता येतो; मात्र पुरावा द्यावा लागतो. पुराव्यांची यादी या कायद्याच्या २००८ च्या नियमांत दिली आहे. तीत गॅझेटियर आहे, नकाशे आहेत, आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. ज्या डोंगराविषयी साहेबाने लिहिले त्याला गॅझेटियरचे पान मिळाले. ज्याच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्याच्यासाठी म्हाताऱ्या माणसांची आठवणच उरते, आणि तीही कागदावर उतरली तरच. इकडे कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणी वाढत आहेत. सिमेंट नको असे मी म्हणणार नाही. तुमच्या शाळेचे छतही त्याचेच असेल. पण खाण कुठवर जावी याची चर्चा कागदांवर होते, आणि कागदावर नसलेली वाट त्या चर्चेत येतच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, वर्षातून एकदा दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी सहल नेणाऱ्या शाळांनी एक वर्ष तो खर्च वाचवावा आणि आपल्या डोंगराच्या तीन-चार वाटा लिहून काढाव्यात. साधने दप्तरात मावतील. मैदानावर शंभर मीटर मोजून तुमची किती पावले पडतात ते पाहा. दीडशे पडली, तर ३,६०० पावले म्हणजे २,४०० मीटर. चढावर पाऊल आखूड पडते, तेव्हा चढासाठी वेगळी मोजणी करा. कोनमापकाला दोरा आणि खडा बांधला की चढाचा कोन कळतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पुढचे सांगायला नको. दिशेसाठी होकायंत्र. दगड ओळखायला लिंबू : चुनखडी खरवडून त्या पुडीवर रस पिळला की बारीक बुडबुडे येतात, काळ्या दगडावर येत नाहीत.

एक अट मात्र सक्त पाळायची. हा वाघांचा मुलूख आहे. शिक्षक आणि वनरक्षक यांच्याशिवाय, परवानगीशिवाय आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला कोणीही रानात पाऊल टाकायचे नाही. अभयारण्यात तर पायी फिरायचेच नाही. वाघालाही माणसाचे भय आहेच. २०२१ च्या एप्रिलमध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गाभण वाघिणीला तिच्या गुहेतच ठार मारण्यात आले, हे त्या रानाच्या इतिहासात लिहावे लागेल.

वाटा लिहिल्या तर उद्या तिथे पर्यटकांची झुंबड उडेल, अशी शंका काही शिक्षक काढतील. शंका रास्त आहे. तेव्हा वही छापायला देऊ नका. वडीलधारी मंडळी जी जागा सांगू नये म्हणतील, विशेषतः देवाची, ती लिहू नका. नावे मात्र त्यांच्या तोंडून येतील तशीच, कोलामी किंवा गोंडीतच, देवनागरीत उतरवा; मराठी अर्थ हवा तर शेजारी द्या, नाव बदलू नका. शेवटी पोडावर बसून सगळी वही मोठ्याने वाचून दाखवा, चूक निघेल ती तिथेच दुरुस्त करा, तारीख घाला, आणि एक प्रत ग्रामसभेला व एक शाळेच्या कपाटात ठेवा.